अर्कांची अँटीबॅक्टेरियल टेस्टिंग बाहेरच्या लॅबकडून करून घेतली: दोन लॅब, दोन रिपोर्ट

आधीच सांगते, रिव्ह्यू लांबलाय. पण वनस्पतींचे अर्क काढून त्याने बॅक्टेरिया मरतात का हे ज्यांना बाहेरच्या लॅबकडून तपासून घ्यायचंय त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण मी तेच सहा अर्क, त्याच बॅचमधले, दोन वेगवेगळ्या लॅबना पाठवले आणि पहिल्या लॅबने जो अर्क "निष्क्रिय" म्हणून बाद केला होता तोच दुसऱ्या लॅबमध्ये सगळ्यात चांगला निघाला. आणि पहिलीने ज्याला "उत्कृष्ट" म्हटलं होतं त्याचा निम्मा प्रताप नुसत्या आंबटपणाचा होता. पहिल्या लॅबला ५ पैकी दीड, दुसरीला ५ पैकी ४. नावं दोन्हींची लिहीत नाहीये, अशी सर्व्हिस देणाऱ्या लॅब भरपूर आहेत आणि तुम्ही कुठेही गेलात तरी काय विचारायचं ते कळलं की झालं.

माझं काम फायटोकेमिस्ट्रीचं, म्हणजे वनस्पतींतल्या रसायनांचं, पीएचडीचं तिसरं वर्ष. आमच्याकडे अर्क काढायला-सुकवायला सॉक्सलेट आहे, रोटाव्हॅप आहे, लायोफिलायझर आहे, पण मायक्रोबायोलॉजीची सोय नाही, बायोसेफ्टी कॅबिनेट नाही, आणि स्टॅफ ऑरियस (आजार करणारा बॅक्टेरिया) उघड्या टेबलावर हाताळणं मला आणि गाइडना दोघांनाही मान्य नव्हतं, म्हणून बाहेर द्यायचं ठरलं. सहा अर्क होते: डाळिंबाच्या सालीचा पाण्यातला आणि मेथॅनॉलमधला, निलगिरीच्या पानांचा हेक्झेनमधला आणि इथाइल अ‍ॅसिटेटमधला, पेरूच्या पानांचा मेथॅनॉलमधला आणि दारुहळदीच्या मुळाचा मेथॅनॉलमधला. प्रत्येकाचं सॉल्व्हंट ४० अंशांच्या आसपास उडवून, वजन स्थिर होईपर्यंत सुकवून, छोट्या अंबर रंगाच्या व्हायलमध्ये भरून पाठवले. हे काढायला मला चार महिने लागलेत, तेव्हा त्यांच्याबद्दल जीव तुटणं साहजिक आहे.

आता पहिली लॅब. फास्ट होती हे मान्य करते. फॉर्म एका पानाचा, सॅम्पलचं नाव, किती सॅम्पल, किती बॅक्टेरिया, बस्स. आठव्या दिवशी रिपोर्ट मेलवर. छान रंगीत पीडीएफ, प्लेटचे मोठे फोटो, मिलिमीटरमधले झोन (अगारच्या, म्हणजे जेलीसारख्या माध्यमाच्या, प्लेटवर अर्काच्या वेलभोवती, म्हणजे खड्ड्याभोवती, बॅक्टेरिया न वाढलेलं वर्तुळ), खाली बार चार्ट आणि शेवटच्या कॉलममध्ये "उत्कृष्ट", "मध्यम", "निष्क्रिय" असे शेरे. डाळिंब सालीचा पाण्याचा अर्क स्टॅफवर १७ मिमी, मेथॅनॉलचा १९, पेरू १५, निलगिरी इथाइल अ‍ॅसिटेट १४, दारुहळद ११ आणि निलगिरी हेक्झेन शून्य. मी खूश झाले, त्या रात्री चॅप्टरचा कच्चा ड्राफ्ट पण लिहून टाकला. सकाळी गाइड मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि एकच प्रश्न विचारला, "यात नुसत्या डीएमएसओचा झोन कुठाय गं?"

नव्हताच. सोळा पानांच्या रिपोर्टमध्ये सॉल्व्हंट कंट्रोल कुठेच नव्हता. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, बहुतेक अर्क पाण्यात विरघळत नाहीत म्हणून ते डीएमएसओ नावाच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळवतात, आणि डीएमएसओ स्वतः जास्त प्रमाणात असेल तर बॅक्टेरियाची वाढ थोपवतो. म्हणून ज्या प्लेटवर अर्क टाकलाय त्याच प्लेटवर, तेवढ्याच मापाचा, नुसता डीएमएसओ एका वेलमध्ये टाकून बघायचा असतो. तो नसेल तर झोन अर्काचा की डीएमएसओचा हे कुणीच सांगू शकत नाही. ही काही बारीक चूक नाहीये, सगळा प्रयोग यावर उभा असतो.

मग आम्ही दोघी बसून रिपोर्ट परत वाचायला लागलो आणि एकेक निघत गेलं. स्ट्रेन (बॅक्टेरियाचा नेमका वाण) नंबर नाही, नुसतं "स्टॅफिलोकोकस ऑरियस" आणि "ई. कोलाय". कुठला स्ट्रेन, कुठून आणलेला, काही नाही. बॅक्टेरियाचं द्रावण किती दाट घेतलं ते नाही. हे ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) एवढं हवं असतं, म्हणजे मिलिलीटरला साधारण १५ कोटी जीव, जास्त पातळ घेतलं की झोन मोठे दिसतात, जास्त दाट घेतलं की छोटे. अगार किती जाड ओतलं ते नाही. स्टँडर्ड पद्धतीत ४ मिमी जाडी हवी, ९० मिमीच्या प्लेटला त्यासाठी साधारण २५ मिली माध्यम लागतं, आणि कमी ओतलं तर माध्यम वाचतं पण प्लेट पातळ होते आणि झोन फुगतात.

आणि मग मॅडमना जेंटामायसिन या अँटीबायोटिकची ओळ दिसली. पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून त्यांनी १० मायक्रोग्रॅमची जेंटामायसिन डिस्क ठेवली होती, ई. कोलायवर झोन ३१ मिमी. आता ई. कोलायचा जो कंट्रोल स्ट्रेन जगभर वापरतात, एटीसीसी २५९२२, त्यावर या डिस्कचा झोन १९ ते २६ मिमीमध्ये यायला हवा, हे सीएलएसआय या लॅब-टेस्टची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या टेबलमध्ये छापलेलं आहे. ३१ आला म्हणजे एकतर स्ट्रेन वेगळा, नाहीतर द्रावण पातळ, नाहीतर प्लेट पातळ. काहीही असो, त्या दिवशीचं सगळंच मोजमाप फुगलेलं असणार, माझ्या अर्कांचं पण. कंट्रोल त्यासाठीच असतो, तो आपल्याला ओरडून सांगत होता आणि लॅबने तो आकडा तसाच छापून त्यावर सही केली होती.

अजून एक गोष्ट जी मला आधी फार भारी वाटली होती. रिपोर्टमध्ये "जेंटामायसिनच्या तुलनेत ७३ टक्के क्षमता" असं लिहिलं होतं. हिशोब करून बघा. अर्काचा स्टॉक मिलिलीटरला १०० मिलिग्रॅम, वेलमध्ये टाकला १०० मायक्रोलीटर, म्हणजे वेलमध्ये १० मिलिग्रॅम अर्क गेला. समोर डिस्कमध्ये १० मायक्रोग्रॅम अँटीबायोटिक. हजारपट फरक! आणि झोनचा आकार नुसत्या ताकदीवर ठरत नाही, तो पदार्थ अगारमधून किती लांब पसरतो त्यावर पण ठरतो, छोटा आणि पाण्यात विरघळणारा रेणू लांब जातो, मोठा किंवा तेलकट रेणू वेलच्या कडेलाच बसून राहतो. तेव्हा दोन वेगळ्या पदार्थांच्या झोनची टक्केवारी काढणं याला काहीच अर्थ नाही, आणि तरी अशा टक्केवारीचे टेबल पेपरमध्येसुद्धा सर्रास दिसतात.

मी फोन केला. उत्तर आलं की आम्ही सगळ्यांना असाच फॉरमॅट देतो, आजवर कुणी तक्रार केली नाही, सॉल्व्हंट कंट्रोल हवा असेल तर तो एक सॅम्पल धरून वेगळा चार्ज पडेल. मला खरंच वाईट वाटलं, पैशांचं नाही एवढं, पण किती मुलामुलींनी असे रिपोर्ट घेऊन थिसिस लिहिले असतील ते आठवून. दीड स्टार दिलाय तो वेळेवर दिल्याबद्दल आणि फोटो चांगले असल्याबद्दल, त्या फोटोंमुळेच आम्हाला निम्म्या गोष्टी कळल्या.

दुसरी लॅब मॅडमच्या ओळखीतून कळली. यांचा पहिला मेल आला तो प्रश्नांनी भरलेला. अर्क कशात विरघळतो, किती विरघळतो, सॉल्व्हंट पूर्ण उडालंय याची खात्री कशी केली, रंग किती गडद आहे, उडून जाणारं तेल आहे का, पाण्यातल्या अर्काचा पीएच किती, वनस्पतीचा हर्बेरियम (ओळखीसाठी वाळवून जपलेला) नमुना जमा केलाय का, आणि शेवटी, "तुम्हाला या रिपोर्टमधून नेमकं काय ठरवायचंय?" हा शेवटचा प्रश्न वाचून मी थांबले, कारण मला तो कुणी विचारलाच नव्हता. मी लिहिलं की कुठल्या अर्काचं पुढे फ्रॅक्शनेशन (अर्कातले पदार्थ गटागटाने वेगळे काढणं) करायचं ते ठरवायचंय. त्यांचं उत्तर, मग झोनवर फार विसंबू नका, आपण एमआयसी काढू.

एमआयसी म्हणजे ज्या सगळ्यात कमी प्रमाणाला बॅक्टेरियाची वाढ दिसत नाही ते प्रमाण. त्यांनी ९६ खड्ड्यांच्या प्लेटमध्ये ब्रॉथ (पातळ माध्यम) मायक्रोडायल्यूशन केलं, अर्क मिलिलीटरला १००० मायक्रोग्रॅमपासून सुरू करून प्रत्येक पुढच्या खड्ड्यात निम्मा, म्हणजे ५००, २५०, १२५ असं करत ७.८ पर्यंत. माझा तोच १०० मिलिग्रॅमचा स्टॉक शंभरपट पातळ केला की डीएमएसओ १ टक्क्यावर येतो, आणि तेवढ्याने बॅक्टेरियाला काही होत नाही हे त्यांनी वेगळ्या खड्ड्यांत दाखवून दिलं. बॅक्टेरिया प्रत्येक खड्ड्यात मिलिलीटरला साधारण ५ लाख, ३५ अंशांना १६ ते २० तास. स्ट्रेन नंबरसकट: स्टॅफ ऑरियस एटीसीसी २९२१३, ई. कोलाय २५९२२, स्यूडोमोनास एरुजिनोसा २७८५३. जेंटामायसिनची एमआयसी स्टॅफवर ०.२५ आली (इथून पुढचे सगळे एमआयसीचे आकडे मिलिलीटरला मायक्रोग्रॅममध्ये), ती ०.१२ ते १ मध्ये यायला हवी, म्हणजे त्या दिवशीचं काम नीट झालेलं. हा आकडा रिपोर्टच्या पहिल्याच पानावर, माझ्या अर्कांच्या आधी. मला हे फार आवडलं.

आता निकाल, कारण खरी मजा यात आहे.

डाळिंब सालीचा पाण्याचा अर्क, ज्याला पहिल्या लॅबने १७ मिमी आणि "उत्कृष्ट" दिलं होतं. यांनी आधी पीएच मोजला, ३.८. माध्यमाचा पीएच ७.३ च्या आसपास असतो, एवढा आंबट अर्क एवढ्या मापाने ओतला तर वेलच्या आजूबाजूचं माध्यमच आंबट होतं आणि बॅक्टेरिया तिथे वाढायला कुरकुरतात. त्यांनी अर्क न्यूट्रल करून परत वेल टेस्ट केली आणि झोन ९ मिमीवर आला, त्यातला ६ मिमी तर वेलचाच व्यास. एमआयसी ५००. म्हणजे अगदी काहीच नाही असं नाही, सालीत टॅनिन भरपूर असतात आणि ते काहीतरी करतातच, पण टॅनिन कुठल्याही प्रोटीनला चिकटतात, माध्यमातल्या प्रोटीनलासुद्धा, त्यामुळे त्यातून औषधाचा रेणू सापडेल ही आशा मी सोडली. नुसत्या डीएमएसओचा वेल पण त्यांनी टाकला होता बरं का, ८ मिमीचा फिकट झोन आला. म्हणजे पहिल्या रिपोर्टमधल्या डीएमएसओवाल्या प्रत्येक आकड्यात थोडा वाटा त्याचा होताच.

पेरूच्या पानांचं प्रकरण सगळ्यात शिकवणारं. रंगीत अर्कात वाढ झाली की नाही हे गढूळपणावरून डोळ्यांना कळत नाही, म्हणून त्यात रेझाझुरिन टाकतात, निळा रंग, जिवंत बॅक्टेरिया असले की तो गुलाबी होतो. पेरूच्या प्लेटमध्ये वरच्या खड्ड्यांत गुलाबी आणि खाली एमआयसीच्या जागी निळं, असं उलटंच चित्र आलं. जास्त अर्कात जास्त बॅक्टेरिया? त्यांनी बाजूलाच एक ओळ ठेवली होती ज्यात अर्क होता पण बॅक्टेरिया घातलेच नव्हते, आणि ती ओळ पण गुलाबी! पानांतले अँटीऑक्सिडंट पदार्थ स्वतःच रंग बदलवत होते, बॅक्टेरियाची गरजच नव्हती. ती ओळ नसती तर "पेरू निकामी" असा निकाल लागला असता. मग त्यांनी प्रत्येक खड्ड्यातून १० मायक्रोलीटर घेऊन ताज्या अगारवर थेंब ठेवले आणि दुसऱ्या दिवशी कॉलनी मोजल्या, त्यावरून एमआयसी २५० ठरवली. हे रिपोर्टमध्ये सविस्तर लिहिलंय, काय गोंधळ झाला, कसा सोडवला, सगळं. दुसऱ्या कुणी असतं तर गुपचूप आकडा टाकून मोकळं झालं असतं.

दारुहळद पिवळीजर्द, तिचंही रंगामुळे थेंब ठेवूनच वाचन केलं. स्टॅफवर २५०. मी जरा हिरमुसले कारण दारुहळदीत बर्बेरीन असतं आणि मला जास्त अपेक्षा होती. तिथल्या मायक्रोबायोलॉजिस्ट मॅडमशी फोनवर बोलले तेव्हा त्यांनी एवढं छान समजावलं, की बर्बेरीन स्टॅफच्या पेशीत शिरतं पण त्या पेशीकडे नॉर-ए नावाचा पंप असतो तो ते बाहेर फेकत राहतो, आणि दारुहळदीच्याच कुळातल्या काही झाडांमध्ये ५'-मेथॉक्सिहिड्नोकार्पिन नावाचा एक पदार्थ सापडलाय जो हा पंप अडवतो, तो स्वतः बॅक्टेरिया मारत नाही पण बर्बेरीनला आत टिकू देतो. २००० साली हे काम प्रसिद्ध झालं. म्हणजे पूर्ण अर्कात जे काम होतं ते वेगळं केलेल्या एकट्या रेणूत कमी होऊ शकतं, आणि फ्रॅक्शन पाडताना हे डोक्यात ठेवायला हवं. टेस्टिंग लॅबने एवढं सांगायची काही गरज नव्हती, रिपोर्ट देऊन विषय संपवता आला असता, पण त्यांनी पाऊण तास दिला.

आणि निलगिरीचा हेक्झेन अर्क. पहिल्या लॅबचा "निष्क्रिय", झोन शून्य. इथे स्टॅफवर एमआयसी ६२.५!! मी रिपोर्ट दोनदा वाचला, मग मॅडमना दाखवला. कारण सोपं आहे, हेक्झेनमध्ये निघतात ते तेलकट रेणू, ते पाणीदार अगारमधून सरकतच नाहीत, वेलमध्येच बसून राहतात, मग बाहेर झोन कुठून दिसणार. ब्रॉथमध्ये मात्र ते बॅक्टेरियाच्या थेट संपर्कात येतात. वरच्या दोन खड्ड्यांत अर्क पांढरट साका होऊन बसला होता, तेही त्यांनी फोटोसकट नोंदवलंय आणि त्या दोन खड्ड्यांचं वाचन धरलं नाही. निलगिरीत उडणारं तेल असतं म्हणून ही प्लेट त्यांनी वेगळी ठेवली आणि सील केली, नाहीतर वाफ शेजारच्या खड्ड्यांत जाऊन तिथल्या बॅक्टेरियावर पण परिणाम होतो आणि शेजारचा निकाल चुकतो. मी फॉर्ममध्ये "उडणारं तेल: हो" असं लिहिलं होतं, त्याचा उपयोग असा झाला.

एमबीसी पण काढली, म्हणजे वाढ नुसती थांबली की बॅक्टेरिया खरंच मेले ते. सुरुवातीच्या ९९.९ टक्के मरायला हवेत, म्हणजे ५ लाखांतले जास्तीत जास्त ५०० उरायला हवेत, १० मायक्रोलीटरच्या थेंबात पाचच्या वर कॉलनी नकोत. हेक्झेन अर्काची एमबीसी २५०, एमआयसीच्या चौपट, म्हणजे मारतो म्हणायला जेमतेम जागा आहे. इथाइल अ‍ॅसिटेटवाल्याची एमआयसी १२५ आणि एमबीसी १००० च्या वर, तो फक्त थोपवतो. डाळिंबाचा मेथॅनॉलचा अर्क २५०, त्याबद्दल विशेष काही नाही.

ई. कोलाय आणि स्यूडोमोनासवर सहाही अर्क १००० पर्यंत काहीच करू शकले नाहीत. हे ऐकायला वाईट वाटलं तरी अपेक्षित आहे, ग्राम निगेटिव्ह बॅक्टेरियाला बाहेरून एक जास्तीचं आवरण असतं, तेलकट रेणूंना ते सहसा आत येऊ देत नाही, आणि जे शिरतात त्यांना बाहेर काढायला पंप असतातच. पहिल्या लॅबने मात्र ई. कोलायवर पण १२-१३ मिमी दाखवले होते. त्यातले ८ डीएमएसओचे, आणि उरलेलं त्या फुगलेल्या प्लेटचं असावं असं आता मला वाटतं.

रिपोर्टच्या शेवटी त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं की पूर्ण अर्काची एमआयसी १०० मायक्रोग्रॅमच्या आत असेल तरच पुढे जाण्यात अर्थ आहे, तेव्हा सहापैकी एकच पुढे न्यावा. अर्कांना १ मिलिग्रॅमच्या वर तपासून "अ‍ॅक्टिव्ह" म्हणू नये हे रिओस आणि रेसिओ यांनी २००५ मध्येच लिहून ठेवलंय, आणि तरी मिलिलीटरला ५० मिलिग्रॅमच्या एमआयसीचे पेपर येतच असतात. पैसे देणाऱ्या माणसाला "तुमचे पाच अर्क सोडून द्या" असं स्पष्ट लिहून देणारी लॅब मला भेटली यासाठी मी त्यांची आभारी आहे.

एक गोष्ट विषयाला सोडून आहे पण सांगतेच. या सगळ्यात जे माध्यम वापरतात त्याचं नाव म्युलर-हिंटन, मला इतकी वर्षं वाटायचं हे दोन म्हातारे प्रोफेसर असतील. हिंटन म्हणजे जेन हिंटन, हार्वर्डमध्ये जॉन म्युलर यांच्या लॅबमध्ये काम करणारी तरुण कृष्णवर्णीय मुलगी. १९४१ मध्ये दोघांनी हे माध्यम प्रसिद्ध केलं, गोनोकोकस आणि मेनिंजोकोकस वाढवण्यासाठी, त्यात स्टार्च घातला तो बॅक्टेरियाला त्रास देणारे पदार्थ शोषून घ्यायला. नंतर ती व्हेटरनरी डॉक्टर झाली, १९४९ मध्ये. प्रत्येक रिपोर्टवर हे नाव असतं आणि कुणाला माहीत नसतं.

आता एक स्टार का कापला ते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्यांच्या नेहमीच्या पॅकेजमध्ये "तीन वेळा" याचा अर्थ एकाच प्लेटवर एकाच दिवशी शेजारशेजारचे तीन खड्डे. ते पिपेटिंग किती नीट झालं एवढंच सांगतात. वेगवेगळ्या तीन दिवशी, ताज्या कल्चरपासून नव्याने सुरू करून केलेले तीन प्रयोग हवे असतील तर आधी स्पष्ट सांगावं लागतं आणि पैसे जास्त पडतात. मी विचारलं म्हणून कळलं. एवढी काळजी घेणाऱ्या लॅबने हे फॉर्मच्या पहिल्या पानावर लिहायला हवं. तीन दिवसांचे निकाल एका पायरीने पुढेमागे झाले, एकदा ६२.५, एकदा १२५, परत ६२.५, तेवढं चालतं, पण निदान ते आपल्या डोळ्यांनी दिसतं तरी.

दुसरं, वेळ. तीन आठवडे सांगून साडेपाच लागले आणि मधले दहा दिवस मेलला उत्तरच नव्हतं. उशीर झाला याचा राग नाही, कळवलं असतं तर बरं झालं असतं, माझं प्रोग्रेस सेमिनार मधेच होतं. तिसरं, कच्चा डेटा मागितल्यावरच देतात, आणि प्लेटचे फोटो इतके कॉम्प्रेस करून टाकलेत की निळं-गुलाबी नीट दिसत नाही, ओरिजिनल वेगळे मागवावे लागले. आणि चौथं जे मला खरंच लागलं, उरलेले अर्क रिपोर्टनंतर ३० दिवसांनी नष्ट केले जातात असं टर्म्समध्ये कुठेतरी आत लिहिलंय. माझा दारुहळदीचा उरलेला सगळा अर्क गेला, एक साधा मेल टाकला असता तर मी परत मागवला असता. तुम्ही पाठवताना वरच लिहा की उरलेलं परत हवंय, आणि कितीही विश्वास असला तरी निम्मं स्वतःच्या फ्रीजरमध्ये ठेवा.

पाठवताना अजून काही, माझ्या चुकांवरून. अर्क कोरडा पाठवा, विरघळवून पाठवू नका, आणि व्हायलवर वजन आणि सॉल्व्हंट दोन्ही लिहा, लेबल पेन्सिलने लिहून वर टेप लावा, माझ्या एका व्हायलवरची शाई मेथॅनॉलने पुसली गेली होती आणि त्यांनी अंदाज न लावता फोन करून विचारलं म्हणून वाचले. पॅराफिल्म गुंडाळा. दारुहळदीसारखं उजेडात खराब होणारं काही असेल तर अंबर व्हायलवर पण फॉइल लावा. आणि मागवायच्या आधी कुठल्याही लॅबला एवढं विचाराच: नुसत्या सॉल्व्हंटचा कंट्रोल असेल का, अर्क आहे पण बॅक्टेरिया नाहीत असा खड्डा असेल का, स्ट्रेन नंबर काय, कंट्रोल अँटीबायोटिकचा आकडा रेंजमध्ये नाही आला तर तुम्ही काय करता. शेवटच्या प्रश्नाला माझ्या दुसऱ्या लॅबने लगेच उत्तर दिलं, "तो दिवस फेकून देतो आणि परत करतो." पहिल्या लॅबला मी नंतर मुद्दाम विचारलं तर त्यांना प्रश्नच नीट समजला नाही.

आता हेक्झेन अर्काची कॉलमवर सात फ्रॅक्शन पाडली आहेत, त्यातली चौथी आणि पाचवी टीएलसीवर (पातळ थराच्या प्लेटवर पदार्थ पट्ट्यांत वेगळे करायची पद्धत) वेगळी दिसतायत. याच लॅबकडे बायोऑटोग्राफीला पाठवतेय, म्हणजे टीएलसी प्लेटवरच बॅक्टेरिया पसरवून नेमका कुठला पट्टा काम करतो ते दिसेल, आणि सोबत माणसाच्या पेशींवरची टॉक्सिसिटी पण सांगितलीय, कारण ६२.५ ला आपल्या पेशी पण मरत असतील तर त्या आकड्याचं मी काय करू. यावेळी फॉर्मवर सगळ्यात वर लाल पेनने लिहिलंय, तीन वेगळे दिवस, उरलेलं परत. रिपोर्ट आला की इथेच खाली भर घालते.